खाशाबांचा अर्धा तास : हेलसिंकी, १९५२

१/ महाराष्ट्राच्या तालमींत मेहनतीइतकेच महत्त्व मेहनतीनंतरच्या उपचारांना असे. तेलाची मालिश, थंडाई आणि भरपूर झोप हे त्यांतले परंपरेने चालत आलेले उपाय.

२/ आजच्या क्रीडाविज्ञानानुसार मालिशीने अंगदुखी कमी होते. मात्र गेलेली ताकद परत आणण्यात तिचा वाटा थोडाच. हलक्या हालचालीने रक्तातील लॅक्टेट लवकर ओसरते. पण कोणताही उपाय केला, तरी स्नायूंना वेळ हा द्यावाच लागतो.

३/ हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये नेमका तोच वेळ खाशाबा जाधवांना मिळाला नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल जपानच्या शोहाची इशिई याच्याशी पंधरा मिनिटांहून अधिक झुंजला आणि एका गुणाने हरला. लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव याच्यासमोर उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. त्यासाठी आग्रह धरणारा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता.

४/ थकलेले खाशाबा ती कुस्तीही हरले. इशिईला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. विश्रांतीला पैसा लागत नाही. खाशाबांना ती मिळवून देण्यासाठी मात्र त्यांच्या बाजूने बोलणारा एक माणूस हवा होता.