कतारगामची पापडी आणि अग्निविचार

‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ अशा अर्थाची एक म्हण गुजरातेत रूढ आहे. मराठी वाचकास सुरत म्हटले की १६६४ व १६७० या सालांतील शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या आठवतात. त्या नगरीच्या पाकशाळेकडे आपली दृष्टी सहसा वळत नाही. परंतु लोकांचा आहार हेही इतिहासाचे एक साधन होय, आणि वैद्यकाच्या इतिहासाचे तर ते प्रमुख साधन आहे.

सुरतेच्या उत्तरेचे कतारगाम पूर्वी शेतवाडीचे गाव होते. आज ते शहराचा भाग असून हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. तरीही उंधियूसाठी निवडावयाच्या कोवळ्या वालपापडीला सुरतकर अद्याप ‘कतारगामची पापडी’ असेच म्हणतात.

वाल म्हणजे संस्कृत ग्रंथांतील निष्पाव. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तो गुरू, रूक्ष व वात वाढविणारा म्हणून वर्णिला आहे. असे जड धान्य रसिकांच्या पानात मानाने कसे येऊन बसले? याचे उत्तर चरकसंहितेच्या अग्निविचारात सापडते. चरकाच्या मते बल, वर्ण, आयुष्य ही सर्व अग्नीवर अवलंबून आहेत. अग्नी मंद झाला म्हणजे अन्न अपक्व राहून ‘आम’ होतो आणि तेथून रोगांस आरंभ होतो. म्हणून पदार्थ स्वभावतः पथ्य की अपथ्य, एवढाच प्रश्न चरक विचारीत नाही. विमानस्थानात त्याने आहाराच्या परीक्षेसाठी प्रकृती, करण म्हणजे संस्कार, संयोग, राशी म्हणजे प्रमाण, देश, काल, उपयोगसंस्था म्हणजे सेवनाचे नियम, आणि उपयोक्ता म्हणजे खाणारा, अशी आठ अंगे सांगितली आहेत.

ही कसोटी पापडीस लावून पाहावी. प्रकृतीने ती जड आहे. परंतु तिचा काल हिवाळ्याचा. हेमंतात अग्नी प्रबल असतो व गुरू अन्न पचवू शकतो, असे चरक सांगतो. शिशिराची चर्याही त्याने बहुतांशी तशीच मानली आहे. उंधियूचा मोठा दिवस उत्तरायणाचा, म्हणजे १४ जानेवारीच्या सुमाराचा. संयोग ओवा, आले व लसणीचा. ओवा दीपन, पाचन व शूलहर मानलेला आहे. आधुनिक विज्ञानही सांगते की कडधान्यांतील काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत; मोठ्या आतड्यात जंतू त्या आंबवितात व वायू उत्पन्न होतो.

संस्काराचे उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. उंधियू हे नाव ‘उंधुं’ म्हणजे उपडे, या शब्दावरून आले. मूळ रीत मडके उपडे ठेवून भाजण्याची. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात होणारी पोपटी हिचीच बहीण म्हणावी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ व ओवा भरून, पाणी न घालता, ते जाळात ठेवतात. एकाच किनारपट्टीवर गुजराती व मराठी भाषकांनी एकाच जड शेंगेवर सारखाच उपाय योजला आहे.

यावरून आजचा उंधियू चरककालीन आहे असे मात्र समजू नये. त्यातील बटाटा, रताळे व मिरची ही मूळची अमेरिकेतील. पोर्तुगीजांच्या आगमनानंतरच ती येथे रुजली. पाककृती बदलली, परंतु तिची परीक्षा करण्याची रीत टिकली. सतराव्या शतकात तंजावरच्या भोसले घराण्यातील दीपाबाईंच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ पंडिताने ‘भोजनकुतूहल’ रचले, त्यातही नित्याच्या अन्नाचे गुणदोष हाच मुख्य विषय आहे. पुण्याचे प. कृ. गोडे यांनी आहारेतिहासाचे साधन म्हणून या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

पापडी आज शीतगृहातून बारमाही मिळू शकते. काल व देश ही दोन अंगे अशा रीतीने गळून पडली, म्हणजे उरते ती केवळ चव. आणि तोच पदार्थ वैशाखात मंद अग्नीवर भार होतो. विद्यार्थ्यांस आयुर्वेद शिकविताना पथ्यापथ्याच्या याद्या पाठ करून घेण्यापेक्षा त्या आठ प्रश्नांची सवय लावणे अधिक श्रेयस्कर होय. याद्या जुन्या होतात. कोणी, केव्हा, किती आणि कशासह खावे हे प्रश्न मात्र रोजच्या पानाबरोबर नवे होतात.