जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा की विकायचा? काट्यावर टाकण्याआधी एवढं बघून घ्या

माझे मामा सिन्नरला तहसील कचेरीजवळ टायपिंगचं दुकान चालवायचे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, सगळं मराठीतून. ते गेल्यावर २०१९ च्या दिवाळीआधी मामी म्हणाल्या, "अरे, माळ्यावरचं ते सामान एकदाचं देऊन टाक, नुसती धूळ खातंय." मी भंगारवाल्या चाचांना बोलावलं. दोन कॅबिनेट, दोन जाडे मॉनिटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि वायरींचा गुंता निघाला. मॉनिटरचे काही मिळणार नाहीत, उलट ते आम्हालाच टाकून द्यावे लागतात, असं चाचा म्हणाले. बाकीचे ११५० रुपये ठरले. मी खूश होतो. माळा मोकळा झाला होता आणि वर पैसे मिळाले होते.

साधारण तीन आठवड्यांनी मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक मित्र भेटला. त्यांच्याकडचं एक जुनं टेस्टिंग मशीन बंद पडलं होतं. मशीन ठणठणीत होतं, पण त्याला जोडलेल्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला होता. मशीनचं कार्ड आयएसए स्लॉटमध्ये बसणारं, आणि तसा स्लॉट असलेला बोर्ड कुठे मिळेना. शेवटी त्यांनी मुंबईहून वापरलेला बोर्ड साडेचौदा हजारांना मागवला. मी त्याला माळ्यावरच्या कॉम्प्युटरचं वर्णन सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. मी चाचांकडे पळालो. "दादा, बोर्ड वेगळे काढले की लगेच जातात. ते केव्हाच गेले," ते म्हणाले.

मामांचा बोर्ड त्या मशीनला नक्की चालला असता असा माझा दावा नाही. पण विचारायची संधी मी ११५० रुपयांत विकली, हे खरं. त्यानंतर मी या विषयाची बरीच माहिती काढली, तीच इथे देतोय.

काट्यावर नेमकं काय मोजलं जातं?

भंगारवाला कॉम्प्युटर विकत घेत नाही, तो धातू घेतो. कॅबिनेटचं लोखंड, हीटसिंक आणि हार्ड डिस्कच्या खोक्याचं अ‍ॅल्युमिनियम, ट्रान्सफॉर्मर आणि वायरींमधलं तांबं, आणि सगळ्यात महाग म्हणजे बोर्ड. बोर्डातही प्रती असतात. रॅमच्या पट्ट्या, जुने सिरॅमिक प्रोसेसर आणि सोनेरी दात असलेली कार्डं वेगळी काढतात, कारण त्यांच्या टोकांवर सोन्याचा मुलामा असतो. इंटेलचा १९९५ चा पेंटियम प्रो हा प्रोसेसर तर त्यातल्या सोन्यासाठीच स्क्रॅपवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे.

इथे "कॉम्प्युटरमध्ये सोनं असतं" हे व्हिडिओ आठवले असतील. असतं, खोटं नाही. खाणीतून काढलेल्या एक टन दगडात जेमतेम काही ग्रॅम सोनं मिळतं, तर एक टन कॉम्प्युटर बोर्डांमध्ये शंभर ग्रॅमच्या वर. पण हा हिशेब टनाचा आहे. तुमच्याकडे अर्ध्या किलोचा एक बोर्ड असेल, तर त्यातून गुंजभर सोनं निघालं तरी पुष्कळ. त्यासाठी घरी नायट्रिक अ‍ॅसिड आणून ठेवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. त्या तांबूस वाफा फुप्फुसं जाळतात आणि उरलेलं पाणी गटारात गेलं की शिसं आणि इतर विषारी धातूही त्याच्याबरोबर जातात. व्हिडिओत शेवटी चमकणारा मणी दाखवतात, पण त्यासाठी किती किलो माल लागला ते दाखवत नाहीत.

चाचांनी मला फसवलं का? नाही. त्यांच्या काट्याला जे कळतं, त्याचे त्यांनी बरोबर पैसे दिले.

जुनं म्हणजे महाग नव्हे

या विषयावर सगळ्यात जास्त शेअर होणारी गोष्ट अ‍ॅपल-१ ची. स्टीव्ह वॉझ्नियाकने बनवलेला हा कॉम्प्युटर १९७६ मध्ये ६६६.६६ डॉलरला विकला जायचा. सुमारे दोनशेच बनले. २०१४ मध्ये त्यातला एक लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरला गेला. २०१५ मध्ये तर कॅलिफोर्नियातल्या मिल्पिटास गावी एक बाई नवरा वारल्यावर गॅरेज साफ करून सामानाची खोकी ई-कचरा केंद्रावर ठेवून गेली. ना पावती घेतली, ना नाव सांगितलं. काही आठवड्यांनी खोकं उघडलं तर आत अ‍ॅपल-१! केंद्राने तो दोन लाख डॉलरला विकला आणि अर्धी रक्कम देण्यासाठी त्या बाईचा शोध सुरू केला.

ही बातमी वाचून आपल्या माळ्याकडे बघायचं नाही. अ‍ॅपल-१ महाग आहे कारण तो दुर्मिळ आहे आणि त्याच्यामागे मोठी कंपनी उभी राहिली. २००७ चा पहिला आयफोन २०२३ मध्ये १ लाख ९० हजार डॉलरच्या वर गेला, पण तो कारखान्यातून निघाल्यापासून न फोडलेल्या खोक्यातला, कमी विकला गेलेला ४ जीबीवाला होता. तोच फोन कोणी चार वर्षं वापरलेला असता, तर ही किंमत स्वप्नातही आली नसती.

आपल्याकडच्या घरांतून आज निघणारे बहुतेक कॉम्प्युटर पेंटियम ४ किंवा कोअर २ ड्युओ काळातले असतात. ते लाखोंनी बनले, संग्राहकाला त्यांची हौस नाही आणि कारखान्याला गरज नाही. स्पष्ट सांगतो, हे भंगारच आहे. चालू असेल तर शेजारच्या पोराला शिकायला द्या, नाहीतर काट्यावर टाका, हळहळू नका.

सिन्नरकरांना हा फरक समजावून सांगायची खरं तर गरज नाही. आपल्या माळेगाव एमआयडीसीत गारगोटी संग्रहालय आहे. दख्खनच्या काळ्या खडकात, विहीर खणताना किंवा खाणीत सापडणारे झिओलाइटचे स्फटिक तिथे काचेच्या कपाटात दिवे लावून ठेवलेत. तेच दगड ओळखणारं कोणी नसेल तर खडीत जातात. पण म्हणून विहिरीतून निघालेला प्रत्येक दगड काही कपाटात ठेवायचा नसतो.

मग बघायचं काय?

आधी मदरबोर्डवरचे स्लॉट बघा. पांढरे आखूड स्लॉट पीसीआयचे. त्यांच्या शेजारी लांब काळे स्लॉट दिसले तर ते बहुधा आयएसए. ही पद्धत १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आली आणि २००० च्या आसपास घरगुती बोर्डांवरून नाहीशी झाली. कारखान्यांत मात्र ती अजून जिवंत आहे, कारण लाखो रुपयांचं मशीन वीस-तीस वर्षं चालतं आणि त्याचं कार्ड बदलायचं म्हणजे अख्खी यंत्रणा बदलायची. फ्लॉपी ड्राइव्हचंही तसंच. सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी बनवणं थांबवलं, तरी जुनी एम्ब्रॉयडरी मशीन आणि सीएनसी मशीन अजून फ्लॉपी मागतात. बोइंग ७४७-४०० विमानांच्या नेव्हिगेशनची माहितीसुद्धा फ्लॉपीवरून भरली जायची. त्यामुळे चालू आयएसए बोर्ड, चालू फ्लॉपी ड्राइव्ह किंवा सिरियल पोर्ट असलेला जुना लॅपटॉप असेल, तर गिऱ्हाईक अमेरिकेत शोधायच्या आधी जवळच्या एमआयडीसीत मशीन दुरुस्त करणाऱ्यांना एक फोन करा. माझ्या मते आपल्यासारख्या गावांत खरी किंमत इथेच आहे, आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे जुने गेम खेळणारे हौशी लोक. त्यांना १९९६ नंतरची थ्रीडीएफएक्सची वूडू ग्राफिक्स कार्डं, साउंड ब्लास्टरची आयएसए कार्डं, आयबीएमचा टकटक वाजणारा मॉडेल एम कीबोर्ड हवा असतो. किंमत ठरवताना एक चूक सगळे करतात, ती म्हणजे मागितलेली किंमत खरी मानणं. ईबेवर कोणी पन्नास हजार मागितले म्हणून ते मिळतात असं नाही. तिथे विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावा, मग खरा भाव दिसतो.

आणि तिसरं, भारतात बनलेले जुने कॉम्प्युटर. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून गेली, आयातीवर भारी कर होते, त्या काळात आपल्याकडे वेगळीच यंत्रं तयार झाली. एचसीएलचा बिझीबी, डेसिबेल्सने परवाना घेऊन काढलेला डीबी स्पेक्ट्रम, आणि शाळांमध्ये कॉम्प्युटर शिकवण्याच्या १९८४ च्या सरकारी योजनेत आलेले बीबीसी मायक्रो. यांचे ठरलेले भाव नाहीत, कारण बाजारात ते येतच नाहीत. असं काही दिसलं तर आधी फोटो काढा आणि थांबा.

मामांच्या कॅबिनेटमध्ये असलंच एक कार्ड होतं, हे मला नंतर जुनी बिलं चाळताना कळलं. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड. डॉसच्या काळात कॉम्प्युटरला फक्त रोमन अक्षरं यायची. हे कार्ड आयएसए स्लॉटमध्ये बसवलं की त्याच काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. आयआयटी कानपूरमधल्या संशोधनातून हे तंत्र आलं. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची जी सांकेतिक पद्धत ठरली, तिच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच युनिकोडमधला देवनागरीचा क्रम घेतला. म्हणजे तुम्ही आत्ता मोबाइलवर जे मराठी वाचताय, त्याचं मूळ तिथपर्यंत जातं. काट्यावर त्या कार्डाचं वजन पावशेरही भरलं नसेल.

विकायचं ठरलं तर, आणि नाही विकलं तर

बरीच वर्षं बंद असलेला कॉम्प्युटर थेट प्लगला लावू नका. पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर फुटतात आणि बोर्डही घेऊन जातात. आधी जाणकाराकडून तपासून घ्या. ३८६ आणि ४८६ च्या बोर्डांवर निळ्या ड्रमसारखी छोटी बॅटरी असते. ती गळून बोर्डाच्या रेषा खाते, म्हणून विकायचं असो वा नसो, ती आधी कापून काढा. जाड्या मॉनिटरचं मागचं झाकण अजिबात उघडायचं नाही. आत बंद असतानाही जोराचा झटका बसू शकतो, आणि काचेत शिसं असतं. "चालू आहे" असं लिहायचं तर सुरू झालेल्या स्क्रीनचा फोटो लावा. चालू आणि "तपासलेलं नाही" यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

जे उरेल ते नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार रिसायकल करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. बाकीच्यात माझे ते दोन मॉनिटरही धरा.

हार्ड डिस्क मात्र कुठेही देण्याआधी बाहेर काढा. आतलं नको असेल तर पूर्ण पुसा, हवं असेल तर कॉपी करा. मी दोन्ही केलं नाही. मामांनी आजीकडून ऐकून जात्यावरच्या ओव्या त्या कॉम्प्युटरवर टाइप केल्या होत्या. हे मामींनी मला वर्षभराने सहज बोलता बोलता सांगितलं. माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात २३ फ्लॉप्या राहिल्या होत्या. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवून लावला. १४ वाचल्या गेल्या. फाइल उघडली की नुसती चित्रविचित्र चिन्हं, कारण मजकूर इस्कीत. तो युनिकोडमध्ये बदलल्यावर सातबाराच्या दुरुस्तीचे अर्ज निघाले, एका पतपेढीच्या सभेची नोटीस निघाली, आणि एका फ्लॉपीत ओव्यांची पहिली अकरा पानं. बारावं पान पुढच्या फ्लॉपीवर असणार. ती लावली की विंडोज म्हणतं, डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का? तुमच्याकडेही हा प्रश्न येईल. तिथे 'हो' दाबायचं नाही. फ्लॉपी बाहेर काढायची, कोपऱ्यातली खिडकी उघडी राहील अशी सरकवायची म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही, आणि मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघायची. सध्या मी चालू स्थितीतला जुना, आतला ड्राइव्ह शोधतोय.