आंगठ्याची किंमत

माणसाच्या आंगठ्याला भाव असतो आणि तो सरकारने छापून ठेवलेला असतो, हे फराळाच्या ताटावर बसलेल्या वाचकांना सांगणे थोडे अभद्रच. पण करंजीला मुरड घालताना घरातल्या बाईने क्षणभर आपल्या हाताकडे पाहावे. ती मुरड आंगठा आणि तर्जनी यांच्या संगनमताने पडते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने या जोडीतल्या आंगठ्याची किंमत शेकडा २५ धरली होती आणि तर्जनीची शेकडा १०. म्हणजे आंगठा तुटला की माणसाची मिळवण्याची शक्ती पाव हिश्श्याने घटली, असे धरून चालायचे.

मी ऊर्जानगरला शिक्षक आहे. माझ्या वर्गातल्या मुलांचे बाप वीजकेंद्रात जातात, कोळशाच्या खाणीत जातात. पलीकडच्या गावांतले जंगलात बांबू तोडतात. हातावर पोट हा वाक्प्रचार येथे मुलांना समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच या कोष्टकाचा इतिहास मला पानिपताच्या इतिहासाहून जवळचा वाटतो.

कोष्टक येण्यापूर्वी काय होते? आमच्या जिल्ह्यात वरोड्याला सरकारी कोळशाची खाण एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली आणि १९०६ च्या सुमारास मिटली. तिच्या साऱ्या आयुष्यात हिंदुस्थानात असा कायदा नव्हता. कामगार मेला तर वारसांना १८५५ च्या कायद्याने दावा लावता येई. जगला आणि लुळा झाला तर त्याने दिवाणी कोर्टात जाऊन मालकाची चूक शाबीत करावी. ज्याचा हात गेला त्याने वकील कुठून लावायचा, हा प्रश्न कायद्याला पडलेला नव्हता. जर्मनीने १८८४ साली आणि इंग्लंडने १८९७ साली ही रीत मोडली. आपल्याकडे १ जुलै १९२४ पासून नवा कायदा लागू झाला. कामावर असताना, कामामुळे इजा झाली एवढे दाखवले की पुरे. मालकाची चूक शोधत बसायला नको. ही फार मोठी गोष्ट होती.

पण मग मोजायचे कसे? म्हणून ते कोष्टक. उजवा हात कोपरावर तुटला तर शेकडा ७०, डावा तुटला तर ६०. दोन्ही कानांनी कायमचा बहिरा झाला तर ५०, एक डोळा ३०, तर्जनी सोडून दुसरे कोणतेही बोट ५. उजव्या-डाव्यातला हा दहा टक्क्यांचा फरक वाचून मला माझ्या वर्गातल्या डाव्या हाताने लिहिणाऱ्या दोन मुली आठवतात. १९६२ च्या दुरुस्तीने तो फरक गेला. आंगठा वधारून ३० झाला, तर्जनी १४. आकडे अधिक बारीक झाले. हात कुठे तुटला हे इंचांत, पुढे सेंटिमीटरांत मोजू लागले.

या कोष्टकातला खरा पेच मात्र एकलव्याने केव्हाच दाखवून ठेवला आहे. द्रोणाचार्यांनी मागितला तो आंगठा कोष्टकाप्रमाणे शेकडा ३०. धनुर्धराच्या दृष्टीने तो किती? शंभर. कोष्टक अवयव मोजते, त्या अवयवाने चालणारे काम मोजत नाही. ते काम मोजायचे असेल तर समोर बसलेल्या माणसाने मोजायचे, म्हणजे नुकसानभरपाई आयुक्ताने. आणि येथूनच एका गावचा निकाल दुसऱ्या गावच्या निकालाहून वेगळा पडू लागतो.

ओरिसातल्या एका सुताराचे प्रकरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. १९६८ साली एका सिनेमागृहात नक्षीकाम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. हात शंभर टक्के धरण्याजोगा नव्हे, असे मालकाचे म्हणणे. आयुक्ताने शंभर टक्के दिले. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७५ च्या डिसेंबरात न्यायालयाने आयुक्ताचाच निर्णय उचलून धरला: एका हाताने सुतारकाम होत नाही. किती साधे वाक्य! पण ते देशातल्या सर्वांत वरच्या कोर्टाकडून येईपर्यंत सात वर्षे गेली. तो आयुक्त कोष्टकाला चिकटून बसणारा असता तर? त्याच सुताराला त्याच हातासाठी कमी पैसे मिळाले असते आणि त्यात बेकायदा काही आहे असे कोणाला वाटलेही नसते.

फरक किती पडतो ते गणितानेच पाहू. मास्तराची खोड आहे, वाचकांनी माफ करावी. २०२० साली या हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा १५,००० रुपये ठरली. त्याचे साठ टक्के ९,०००. चाळीस वर्षांच्या कामगारासाठी वयाचा गुणक १८४.१७. गुणाकार १६,५७,५३० रुपये. आंगठ्याचे शेकडा ३० म्हणजे ४,९७,२५९. आयुक्ताने या आंगठ्यावाचून याचे काम पुरतेच बुडाले असे म्हटले, तर संपूर्ण साडेसोळा लाख. मधले साडेअकरा लाख एका माणसाच्या समजुतीवर अवलंबून.

आमच्या भागात तर आयुक्तापर्यंत पोचण्याआधीच वाटा फुटत. प्रा. बी. पी. आडारकरांच्या १९४४ च्या अहवालावरून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ साली कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. तिच्यात कारखान्याच्या कामगाराला एकरकमी पैसे न मिळता जन्मभर दरमहा पैसे मिळतात. अपंगत्व वैद्यकीय मंडळ ठरवते. ते पटले नाही तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा विमा न्यायालयाकडे जायचे. पण ही योजना साऱ्या देशात एकदम आली नाही. ज्या भागाची अधिसूचना निघाली त्या भागात ती आली. शिवाय पगार ठरावीक मर्यादेच्या आत हवा. आणि खाणी त्या कायद्याच्या बाहेर होत्या. त्यामुळे अधिसूचित भागातल्या कारखान्यात आंगठा गेला तर दरमहा पैसे मिळत, आणि दोन कोसांवरच्या खाणीत गेला तर आयुक्तापुढे सुनावणी आणि एकरकमी हिशेब होई.

मग जंगल? १९२३ च्या कायद्याला जंगल अगदीच अपरिचित नव्हते. झाडे तोडणारे, नदीतून लाकूड वाहून नेणारे, वणवा विझवणारे, इतकेच काय हत्ती पाळणारेसुद्धा त्याच्या यादीत आहेत. कमलापूरच्या हत्तीकॅम्पातल्या माहुताला ती ओळ दाखवली तर तो हसेल. तेंदूची पाने खुडणाऱ्या बाईचे नाव मात्र त्या ओळीत नाही. बांबूची गोष्ट तर याहून गमतीची. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड मानले होते. २०१७ साली ती व्याख्या बदलली आणि बांबू झाड राहिला नाही. तो कायदा वेगळा, हा वेगळा. तरी ‘झाडे तोडणारा’ या शब्दांत बांबू तोडणारा बसतो की नाही यावर एखादा वकील पुष्कळ वेळ बोलू शकेल. तोवर कोयत्याने गेलेले बोट वाट पाहत राहील.

निकाल पटला नाही तर साठ दिवसांत उच्च न्यायालयात अपील. तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच; टक्के कमी वाटले एवढे कारण पुरत नाही. मालकाला अपील करायचे असेल तर भरपाईची रक्कम आधी जमा केल्याचा दाखला जोडावा लागतो, ही तरतूद ज्याने घातली त्याला जग ठाऊक होते. आमच्याकडून अपील जाते नागपूरला. चंद्रपूरच्या माणसाला सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत येता येते. सिरोंच्याच्या माणसाला मात्र नुसती गडचिरोली गाठायलाच जवळजवळ दोनशे किलोमीटर पडतात. १९८२ च्या ऑगस्टमध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत तर त्याचे जिल्ह्याचे ठिकाणही चंद्रपूरच होते.

आणि परमुलखातून आलेल्यांचे काय? फार वर्षे नियम असा होता की अपघात जेथे झाला तेथल्याच आयुक्तापुढे प्रकरण चालायचे. बाहेरगावचा मजूर आमच्या खाणीत जखमी झाला की बरा होऊन गावी जाई आणि तारखेला पुन्हा इकडे येई. एका हाताने गाठोडे सांभाळत, रोज बुडवून, तारीख पुढे गेली की तसाच परत. थकून जे मिळेल त्यावर तडजोड करी. १९९५ च्या दुरुस्तीने कामगाराला, आणि तो मेला असेल तर त्याच्या घरच्यांना, आपण राहतो तेथल्या आयुक्ताकडे अर्ज करण्याची मुभा मिळाली. मूळ कायद्यानंतर बहात्तर वर्षांनी. २००९ साली कायद्याचे नाव बदलले, आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो सामावला. आंगठा अजून शेकडा ३० वरच आहे.