समईवरचे नाव

पॅरिसमध्ये अठराव्या शतकात घडलेले चांदीचे शमादान हाती आले असता प्रथम त्याची बैठक उलटी करून पाहावी, असा अभ्यासकांचा शिरस्ता आहे. तेथे बहुधा चार ठसे आढळतात : घडविणाऱ्या उस्तादाचा, करवसुली अधिकाऱ्याचा, कस तपासणाऱ्या श्रेणीचा आणि कर चुकता झाल्याचा. श्रेणीचे अक्षर दरवर्षी बदलत असल्यामुळे वस्तूचे वर्षही निश्चित होते. हजार भागांत सुमारे ९५८ भाग शुद्ध चांदी असावी, हा नियम या ठशांनी राखला. पण इतिहासाच्या दृष्टीने त्यांनी त्याहून मोठे काम केले. त्यांनी कारागिरांची नावे राखली. तोमा जेर्मां (१६७३–१७४८) आणि त्याचा पुत्र फ्रान्स्वा-तोमा (१७२६–१७९१) यांच्या कामातील भेद आज सांगता येतो, तो त्यामुळेच.

वस्तू मात्र फारशा उरल्या नाहीत. युद्धखर्चासाठी चौदाव्या लुईने १६८९ मध्ये व्हर्सायमधील चांदीचे सामान टांकसाळीत धाडले. १७५९ मध्ये पंधराव्या लुईच्या काळी तेच पुन्हा घडले. धाकट्या जेर्मांचे पुष्कळसे काम आज लिस्बनमध्ये पाहावयास मिळते, कारण ते पोर्तुगालच्या राजाने मागवून नेले होते.

धातू वितळतो आणि नाव उरते, असा हा प्रकार. वैनगंगेच्या खोऱ्यातील पितळकामाकडे वळल्यास तेथे धातू वितळतो आणि नावही उरत नाही. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. म्हणून त्या भागातील पितळकामाचा पूर्वेतिहास भंडाऱ्याच्या नावावरच शोधावा लागतो. जुन्या घरांतील समईवर किंवा घंगाळावर टोचून घातलेले नाव असते खरे. पण ते मालकाचे, किंवा लग्नात भांडे देणाऱ्या नातलगाचे. घडविणाऱ्याचे नाव सहसा नसते. ज्याच्या हाताने अक्षरे टोचली गेली त्याने आपले नाव घालावे, अशी रीतच नव्हती. आणि भांडे जुने झाले की ते मोडीत घालून नवे घ्यावयाचे, हा गृहिणीचा नेहमीचा व्यवहार. पॅरिसला टांकसाळीने जे क्वचित केले, ते येथे मोडीने सतत केले.

अशा स्थितीत ठशांची जागा काही अंशी शब्द घेतात. ‘कासार’ हा कांस्यकारापासून आला, ‘तांबट’ ताम्रकुट्टापासून. ‘ओतारी’ तर आपले काम उघडच सांगतो. उलट ‘समई’चा संबंध अरबी ‘शमा’शी, म्हणजे मेणाशी व मेणबत्तीशी, जोडला जातो. तेलाच्या दिव्याने मेणबत्तीचे नाव धारण करावे, ही मौज आहे. ‘शमादान’ तर सरळ फारसीतूनच आले. वस्तूला दरबारी नाव मिळाले, पण ती करणाऱ्याचे नाव प्राकृत वळणाचेच राहिले. यावरून धंदा जुन्याच हाती चालू राहिला असावा, असे अनुमान निघते. (फ्रेंच शमादानाच्या ‘कांदेलाब्र’ या नावातील लॅटिन ‘कांदेला’ आणि संस्कृत ‘चन्द्र’ हे शब्द एकाच मूळ धातूचे, हे येथे सहज नमूद करण्यासारखे आहे.)

भंडारा हे नाव त्याहून विचारात पाडणारे आहे. कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या १११४ मधील रतनपूर शिलालेखात लांजिकेसोबत भाणार या प्रदेशाचा उल्लेख येतो. लांजिका म्हणजे गोंदियाच्या सीमेपलीकडील, बालाघाट जिल्ह्यातील लांजी. ‘भांडार’ या शब्दातून ‘भाणार’ निघणे ध्वनिदृष्ट्या कठीण आहे, कारण मराठीत ‘ण्ड’ मधील ‘ड’ सहसा लोपत नाही. ‘भाजन’ पासून ‘भाणे’ मात्र नियमाने होते. ‘सोनार’, ‘कासार’ यांतील ‘आर’ येथेही मानला, तर भाणी करणाऱ्यांचा मुलूख असा अर्थ लागू शकेल. स्थानिक समजूतही गावाच्या नावाचा संबंध भाण्याशीच जोडते. तथापि एका लेखातील एका रूपावर एवढा भार घालणे धाडसाचे ठरेल. हा तर्क तर्कच राहू द्यावा.

शिवाय शब्द धंदा दाखवितो, माणूस दाखवीत नाही. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाचा नमुना करून मूर्ती ओतण्याची रीत वर्णिली आहे. चांदी मेणाच्या बारापट आणि सोने सोळापट घ्यावे, असे प्रमाणही दिले आहे. कृतीचे प्रमाण इतके काटेकोर नोंदविले गेले. ग्रंथाचा कर्ता म्हणून चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचे नाव आहे. भट्टीपुढे बसून ते मेण तोलणाऱ्या ओताऱ्याचे नाही.