क्यूबातील एका भोजनाची शब्दसाक्ष

नाताळच्या आदल्या रात्री, म्हणजे २४ डिसेंबरला, क्यूबातील कुटुंबात जे भोजन होते त्याचा थाट ठरलेला असतो. मसाल्यात मुरवून मंद आचेवर कित्येक तास भाजलेले डुकराचे मांस, जोडीला घेवड्याचे कालवण किंवा घेवडा घालून शिजविलेला भात, आणि उकडलेला युका नावाचा कंद. ह्या भोजनाला क्यूबन लोक आपले राष्ट्रीय भोजन मानतात. त्याच्या उत्पत्तीविषयी सांगितली जाणारी हकीकतही तितकीच ठरीव आहे : डुकर स्पेनने दिले, कंद मूळच्या रहिवाशांनी दिला, आफ्रिकेने हात दिला, आणि तिघांचा गोड संगम झाला. प्रस्तुत लेखकाने हे भोजन चाखलेले नाही, व चाखण्याचा योगही संभवत नाही; परंतु ज्या शब्दांनी ते सिद्ध होते त्यांचा मागोवा घेऊ लागले असता ही गोड हकीकत फारशी टिकत नाही असे दिसून येते. शब्द साक्ष देतात खरे. पण साक्षीदाराप्रमाणे तेही काही लपवितात, आणि त्यांची उलटतपासणी करावी लागते.

प्रथम कृती पाहू. मांस बहुधा खांद्याचे किंवा मांडीचे घेतात, कारण तेथील स्नायू राबते व चिवट असतात. असे मांस भरभर भाजले तर वातड होते. मंद आचेवर पाच-सहा तास ठेवले म्हणजे त्यातील चिवट धागे विरघळून सरसासारखे मऊ होतात आणि मांस आपोआप सुटते. भाजण्यापूर्वी त्याला खोल चिरा पाडून त्यांत 'मोहो' भरतात व रात्रभर मुरू देतात. मोहो म्हणजे मिठाबरोबर ठेचलेला लसूण, जिरे, ओरेगानो नावाचा सुगंधी पाला आणि आंबट नारिंगाचा रस. खेड्यांत अजूनही जमिनीत खड्डा करून, निखाऱ्यांवर आख्खे डुकर आडवे ठेवून, वर पेरूची किंवा केळीची पाने झाकून भाजण्याची रीत आहे. घेवडा आदल्या रात्री भिजत घालतात. कांदा, लसूण व ढोबळी मिरची तेलात मंदपणे परतून त्यात मिसळतात. शेवटी किंचित साखर व सिरका. हे कालवण रात्रभर तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी खाल्ले तर अधिक रुचते, आणि मग त्याला 'निजलेला घेवडा' म्हणतात. शिळ्या आमटीची थोरवी जाणणाऱ्या आपल्या वाचकांस हे नाव आवडावे.

'मोहो' ह्या शब्दाची व्युत्पत्ती काही अभ्यासक 'मोहार' (भिजविणे) ह्या स्पॅनिश धातूपासून लावतात, तर काही पोर्तुगीज 'मोल्यु' (कालवण, सार) ह्या शब्दापासून, कानारी बेटांच्या मार्गे. दोहोंचे अंतिम मूळ लॅटिन 'मोल्लिस' म्हणजे मऊ हेच असल्याने वाद मार्गाचा आहे, मुळाचा नव्हे. कानारी बेटांतून क्यूबात झालेले मोठे स्थलांतर लक्षात घेता दुसरा मार्ग आम्हांस अधिक संभाव्य वाटतो. नारिंगाची गोष्ट मात्र निर्विवाद आहे. स्पॅनिश 'नारांहा' हा अरबी 'नारंज'चा, तो फारसी 'नारंग'चा आणि तो संस्कृत 'नारङ्ग' शब्दाचा वंशज. संस्कृतनेही तो बहुधा द्राविडी भाषांतून उचलला. तेव्हा हवाना येथील गृहिणी बाजारात जे फळ मागते त्याचे नाव आपल्या 'नारिंग' शब्दाचे सख्खे भावंड आहे.

डुकर आणि नारिंग क्यूबाच्या टापूत एकाच वेळी आले, हे कमी लोकांस ठाऊक असते. कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत, इ. स. १४९३ मध्ये, कानारी बेटांपैकी ला गोमेरा येथे जहाजांवर आठ डुकरे चढविण्यात आली व नारिंगांचे बी घेण्यात आले, असे बार्तोलोमे दे लास कासास याने लिहून ठेविले आहे. तेथून ती एस्पान्योला बेटावर, म्हणजे आजच्या हैती व डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या भूमीवर, उतरली. १५११ मध्ये दिएगो वेलास्केसने क्यूबा जिंकण्यास आरंभ केला आणि १५१४ मध्ये राजास कळविले की आपण नेलेल्या डुकरांची संख्या आता ३०,००० झाली आहे. आकडा मोजून काढलेला असेल असे नव्हे. 'असंख्य' ह्या अर्थाने तो घ्यावा.

परंतु स्पेनमधून जे डुकर आले ते केवळ जनावर नव्हते. १४९२ च्या जानेवारीत ग्रानादा पडले, मार्चअखेर यहुद्यांच्या हद्दपारीचा हुकूम निघाला, आणि त्यानंतर बाटलेल्या यहुद्यांची व मुसलमानांची निष्ठा पारखण्याचे एक माप म्हणजे डुकराचे मांस ठरले. ते टाळणारा मनुष्य इन्क्विझिशनच्या संशयास पात्र होई. स्पॅनिशमध्ये डुकराला एक शब्द आहे 'मार्रानो'. तो अरबी 'मुहर्रम' म्हणजे 'निषिद्ध' ह्यापासून आला. आपल्या बोलण्यातील 'हराम' त्याच धातूचा. ज्यांना ते मांस निषिद्ध, त्यांच्याच भाषेतील शब्दाने डुकराला नाव दिले, आणि पुढे तेच नाव त्या बाटलेल्या यहुद्यांना शिवी म्हणून लावले. गोमंतकाचा इतिहास जाणणाऱ्यास हे नवीन नाही. गोव्यातील इन्क्विझिशन १५६० ते १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ वगळता, चालले. १७३६ च्या तिच्या फर्मानात नवख्रिस्त्यांनी हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजवू नये अशी मनाई आहे. प्रा. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ह्या विषयाची सविस्तर चर्चा केली आहे. स्वयंपाकघरातील भांड्यात धर्म शोधण्याची ही इबेरियन सवय दोन्ही गोलार्धांत सारखीच पोहोचली. गोव्याचे विंदालूदेखील मुळात पोर्तुगीज 'विन्या द आल्यूश', म्हणजे मद्य व लसूण यांत मुरविलेले डुकराचे मांस. क्यूबन मोहोचा तो दूरचा चुलतभाऊ शोभतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. क्यूबात आलेली डुकरे कोंडून ठेवलेली नव्हती. ती रानात सुटली व मोकाट वाढली. मूळचे ताइनो लोक मातीचे उंचवटे करून युका लावीत, आणि अशा शेतास 'कोनुको' म्हणत. ही शेते ह्या डुकरांनी उकरून उद्ध्वस्त केली. खाणींतील वेठ, रोगराई आणि उपासमार यांनी ताइनो समाज काही दशकांतच जवळजवळ नामशेष झाला. ह्या उपासमारीत डुकरांचा वाटा लहान नव्हता. आज ज्या ताटात डुकराचे मांस व युका शेजारी वाढलेली असतात त्या ताटातील पहिली भेट अशी झाली होती.

रानात सुटलेल्या ह्या जनावरांना स्पॅनिश लोक 'सिमार्रोन' म्हणू लागले. हा शब्द दीर्घकाळ स्पॅनिश 'सिमा' (शिखर) ह्यापासून लावला जात असे : डोंगरमाथ्यावर पळालेला तो सिमार्रोन. होसे हुआन आर्रोम ह्या क्यूबन पंडिताने गेल्या शतकाच्या नवव्या दशकात ताइनो भाषेतील बाण ह्या अर्थाच्या 'सिमारा' शब्दाकडे लक्ष वेधले व 'सुटलेला बाण, हातातून गेलेला' असा मूळ अर्थ सुचविला. ताइनो भाषेचे अवशेष इतके त्रोटक आहेत की अंतिम निर्णय देणे धाडसाचे होईल. तथापि शिखराच्या व्युत्पत्तीत मागाहून जुळविलेल्या अर्थाचा वास येतो, म्हणून आर्रोम यांचे मत आम्हांस ग्राह्य वाटते. व्युत्पत्ती कोणतीही असो, शब्दाच्या अर्थाचा प्रवास स्पष्ट आहे. आधी तो मोकाट गुराडुकरांना लावला, मग मालकाच्या हातून निसटलेल्या ताइनो गुलामांना, आणि सोळाव्या शतकाचा पूर्वार्ध संपण्यापूर्वीच पळून गेलेल्या आफ्रिकन गुलामांना. इंग्रजीतील 'मरून' व फ्रेंचमधील 'मार्रों' त्याचीच रूपे. मालकाच्या दृष्टीने दोघेही निसटलेली मालमत्ताच. म्हणून रानात गेलेले डुकर आणि रानात गेलेला मनुष्य यांना त्याने एकच शब्द वापरला.

'कोनुको' शब्दही मेला नाही. ताइनोंचा अस्त झाल्यावर तो गुलामांच्या बराकीमागील तुकड्यांना लागला. एकोणिसाव्या शतकात साखरेच्या मळ्यांवर गुलामांना मिळणारा शिधा म्हणजे मुख्यतः खारवलेले मांस, खारा मासा, मका व केळी. पोट भरण्याचे व चार पैसे गाठीस बांधण्याचे खरे साधन कोनुको होते. मिगेल बार्नेत यांनी एस्तेबान मोन्तेहो ह्या वृद्धाच्या मुलाखतींवरून लिहिलेले 'सिमार्रोनचे चरित्र' १९६६ साली प्रसिद्ध झाले. मोन्तेहो स्वतः गुलाम होता आणि मळ्यावरून पळून रानात एकटा राहिला होता. कोनुकोंनी पुष्कळ गुलामांना तारले, तेथे ते भाजीपाला पिकवीत व डुकरे पाळीत, ही डुकरे विकली जात, असे तो सांगतो. स्पॅनिश कायद्यात गुलामास हप्त्याहप्त्याने स्वतःची किंमत फेडून मुक्त होण्याची सोय होती, आणि ह्या हप्त्यांत डुकरांचा पैसा असे. क्यूबात गुलामगिरी १८८६ मध्ये संपली. म्हणजे ज्या कोनुकोचा नाश डुकराने केला होता, त्याच नावाच्या तुकड्यावर पुढे डुकर हे सुटकेचे भांडवल झाले. ठरीव हकीकतीत डुकर 'स्पेनने दिले' एवढेच असते. ते पाळले कोणी, भाजले कोणी, आणि विकून काय विकत घेतले, हे तीत कोठेच येत नाही.

घेवड्याचे प्रकरण उलटतपासणीची गरज दुसऱ्या बाजूने पटवून देते. स्पॅनिश 'फ्रिहोल' हा लॅटिन 'फासेओलुस'चा वंशज. रोमन लोकांच्या तोंडी तो जुन्या जगातील शेंगेचा, म्हणजे चवळीच्या जातीचा, वाचक होता. क्यूबाच्या ताटातील काळा घेवडा मात्र अस्सल अमेरिकन वनस्पती आहे. नुसत्या शब्दावरून चालणारा संशोधक घेवडा रोमहून आला असेच म्हणेल. नवी वस्तू जुन्या नावाखाली वावरणे हा प्रकार आपल्याकडेही घडला : 'मिरी'वरून 'मिरची' झाली ती अशीच, आणि सातारा जिल्ह्यातील वाघ्या घेवडा हा क्यूबन घेवड्याच्याच जातीचा असूनही त्याच्या नावावरून अमेरिकेचा पत्ता कोणास लागणार?

काळा घेवडा व पांढरा भात एकत्र शिजविला म्हणजे त्यास 'मोरोस इ क्रिस्तियानोस', मूर आणि ख्रिस्ती, म्हणतात. नाव गमतीचे म्हणून सांगितले जाते. त्यामागे ग्रानादाची स्मृती आणि स्पेनमधील मूर-ख्रिस्ती लढायांची सोंगे आहेत. पण क्यूबात मूर कोठे होते? तेथे काळा म्हणून जो होता तो मळ्यावर राबत होता, आणि बहुधा तो भात शिजवीतही होता. हैती, जमैका, ब्राझील, कॅरोलिना, जेथे जेथे आफ्रिकन गुलाम नेले गेले तेथे तेथे भात व शेंगदाण्यांचा मेळ रोजच्या जेवणात रुजलेला आढळतो. येथे शेंगदाणे म्हणजे भुईमूग नव्हे, शेंगेतील कडधान्य. वालेन्सियातही भातात घेवडा घालतात, म्हणून स्पॅनिश वारसा नाकारता येत नाही. तथापि ह्या व्यापक भूगोलाचा उलगडा त्याने होत नाही. नाव ठेवणाऱ्याने आपली जुनी लढाई आठवली, समोरचा मनुष्य नव्हे.

बेटाच्या पूर्वेस, सान्तियागोच्या बाजूला, तोच पदार्थ तांबड्या घेवड्याचा करतात आणि त्याला 'कोंग्री' म्हणतात. फेर्नांदो ऑर्तिस यांनी ह्या शब्दाची फोड हैतीच्या बोलीवरून केली : 'कोंगो' म्हणजे घेवडा आणि 'री' म्हणजे फ्रेंच 'तांदूळ'. इतिहास ह्यास अनुकूल आहे. १७९१ मध्ये फ्रेंच वसाहत साँ-दोमेंग येथे गुलामांचा उठाव झाला आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाले, त्या धामधुमीत फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह हजारोंनी पूर्व क्यूबात आले. मळेवाल्यांपैकी पुष्कळांना १८०९ मध्ये स्पॅनिश सरकारने घालवून दिले. शब्द राहिला. ह्याच ऑर्तिस यांनी १९३९ मध्ये हवाना विद्यापीठातील व्याख्यानात क्यूबन राष्ट्राला 'आहियाको' ह्या मिश्र रश्श्याची उपमा दिली, जिच्यात सतत नवे जिन्नस पडतात व जुने विरघळतात. उपमा सुंदर आहे आणि ती देणाऱ्याचा अधिकार मोठा आहे; परंतु भाषेच्या अभ्यासकास एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. रश्श्यात जिन्नस विरघळतात, शब्द विरघळत नाहीत. सिमार्रोन, कोनुको, कोंग्री हे शब्द शतकानुशतके शिजूनही अख्खे राहिले आहेत.

क्रांतीनंतर, १९६९ मध्ये, साखरेच्या हंगामासाठी नाताळची सुट्टी रद्द झाली व ती १९९७ पर्यंत परत आली नाही. डुकर भाजण्याची रीत मात्र त्या काळातही, मांस मिळेल तेव्हा, चालू राहिली. ऊस पुन्हा एकदा ताटाच्या आड आला, एवढेच.

जाता जाता एक धागा नोंदवून ठेवतो. हैतीच्या बोलीत 'प्वा कोंगो', कोंगोचा वाटाणा, हे नाव आज ज्या धान्यास आहे ते घेवडा नसून आपली तूर आहे. तूर भारतात लागवडीस आली, येथून आफ्रिकेस गेली आणि गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियन समुद्रात पोहोचली. तेथे तिला कोंगोचे नाव मिळाले. कोंग्रीतील 'कोंगो' मुळात हीच तूर होती की काय, हा प्रश्न त्या मार्गावरील तुरीच्या सर्व नावांचा संग्रह केल्यावाचून सुटणार नाही. त्या नावांचा विचार पुढील एखाद्या अंकात करण्याचा मानस आहे.