जेन क्रॉफर्ड यांचा निर्णय

पोटातली गाठ काढावी की न काढावी, हा प्रश्न बायकांच्या बैठकीत नेहमी हळू आवाजात निघतो. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी तो एका साध्या गृहिणीपुढे उभा राहिला होता. तिची हकीकत प्रत्येक भगिनीने ऐकावी अशी आहे.

अमेरिकेतील केंटकी राज्यात जेन टॉड क्रॉफर्ड नावाची पंचेचाळिशी ओलांडलेली बाई राहत असे. १८०९ साली तिचे पोट इतके वाढले की दिवस भरून गेले असावेत, असेच सर्वांना वाटले. डॉ. एफ्राइम मॅक्डॉवेल यांनी तपासून सांगितले, हे मूल नव्हे, बीजांडकोशाची गाठ आहे. पोट उघडून अशी गाठ काढल्याचे त्यांना ठाऊक नव्हते. हा केवळ प्रयोग ठरेल आणि त्यात जीवही जाईल, हेही त्यांनी लपविले नाही. सारे ऐकून बाई तयार झाली. भर हिवाळ्यात साठ मैल घोड्यावर बसून ती डॅनव्हिल गावी आली.

त्या काळी भूल देण्याचे औषध नव्हते. ईथर आले ते १८४६ साली. शस्त्रक्रिया सुमारे पंचवीस मिनिटे चालली आणि बाई तोंडाने स्तोत्रे म्हणत राहिली. निघालेल्या गाठीचे वजन साडेबावीस पौंड, म्हणजे दहा किलोंच्या वर भरले. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहतात तो बाई आपले अंथरूण स्वतः आवरीत होती! पुढे ती आणखी बत्तीस वर्षे जगली.

शस्त्रक्रिया पुढे सुलभ झाली, आणि तिचा अतिरेकही झाला. १८७२ साली रॉबर्ट बॅटी या अमेरिकन डॉक्टरांनी पाळीच्या त्रासावर निरोगी बीजांडकोश काढण्याची प्रथा पाडली. वेडाच्या इस्पितळांतील स्त्रियांवरही ती चालविली गेली. आपल्याकडेही २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या भगिनींच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न गाजला. शासनाला समिती नेमावी लागली.

म्हणून आज समजून घ्यावे. पाळी चालू असलेल्या वयातील साध्या पाण्याच्या गाठी बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप विरतात. सोनोग्राफीने लक्ष ठेवले की पुरते. गाठीला पीळ पडून एकाएकी असह्य वेदना झाल्या, किंवा कर्करोगाचा संशय असला, तर मात्र विलंब करू नये. पाळी गेल्यानंतरच्या गाठीची तपासणी टाळू नये. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणे म्हणजे एंडोमेट्रिओसिस. बीजांडकोशातील त्याच्या 'चॉकलेट' गाठींचे वर्णन डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२१ साली केले. त्यात शस्त्रक्रियेने वेदना कमी होतात, पण आजार पुन्हा उलटू शकतो. आणि बीजांडकोशावरील गाठ काढताना स्त्रीबीजांचा साठाही घटू शकतो. मूल हवे असल्यास हे आधी बोलून घ्यावे.

डॉक्टरांना विचारावे: थांबले तर काय होईल? औषधाने भागेल का? नेमके काय काढणार आणि काय ठेवणार? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात कोणाचा अपमान नाही. प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, आणि शेजारची एखादी बहीण सोबत घ्यावी. मॅक्डॉवेल यांनी सारे खरे सांगितले आणि निर्णय बाईवर सोपविला. तेवढे मागण्याचा हक्क आपणा प्रत्येकीला आहे.