कड्यावरची वहाण

‘पायींची वहाण पायींच बरी’ ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकूं येते. हलक्यानें आपली पायरी ओळखून राहावें, हा तिचा रोख. परंतु प्रस्तरारोहणाचा, म्हणजे उभे कडे हातापायांच्या बळावर चढून जाण्याच्या विद्येचा, इतिहास आम्ही चाळूं लागलों, तेव्हां या म्हणीची निराळीच बाजू आमच्या ध्यानांत आली. कड्यावरही वहाण पायींच बरी, यांत शंका नाहीं. पण कोणती वहाण, कोणाच्या पायीं आणि कोणत्या खडकावर, या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत कित्येक पिढ्या खर्चीं पडल्या, आणि त्यापायीं माणसांनीं प्राणांचें मोलही दिलें.

हा विषय आम्हांस सुचला तो एका स्नेह्यांच्या घरीं. त्यांच्या चौदा वर्षांच्या कन्येस कृत्रिम भिंतीवर चढण्याचा छंद लागला आहे. तिनें नवा जोडा आणला होता. त्याचा चवडा पोपटाच्या चोंचीसारखा खालीं वळलेला, आणि माप नेहमींच्या जोड्याहून दोन अंकांनीं लहान. पाय आंत कोंबतांना तिच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. “काका, मोठे मोठे चढणारे असाच घालतात,” असें तिनें आम्हांस वर ऐकविलें. तिचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु ते तसा जोडा कां घालतात, हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. आणि तें समजण्यास थोडें मागें जावें लागतें.

इंग्लंडच्या सरोवर-प्रांतांतील नेप्स नीडल नांवाच्या सुळक्यावर वॉल्टर हॅस्केट स्मिथ १८८६ सालीं एकटाच चढून गेला, आणि ब्रिटनमधील प्रस्तरारोहणाच्या खेळाचा आरंभ बहुधा तेथूनच मानतात. त्या काळचा डोंगरी जोडा म्हणजे तळाला लोखंडी खिळे ठोकलेला जाड कातड्याचा बूट. ओलें गवत, चिखल आणि बर्फ यांवर त्यासारखा सोबती नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभीं जिनीव्हा येथील फेलिक्स जनकां यानें या खिळ्यांना दातेरी रूप दिलें, आणि त्याच्या टोपणनांवावरून ते ‘ट्रिकूनी’ म्हणून प्रसिद्धि पावले. लोखंडाचा दांत बारीक कंगोऱ्यावर घट्ट बसे. पण गुळगुळीत उतारावर मात्र तो निरुपयोगी. ब्रिटनच्या जुन्या कड्यांवर त्या खिळ्यांचे ओरखडे अद्यापही दिसतात.

इतर प्रांतांतील खडकांनीं निराळे प्रश्न घातले, आणि तेथें उत्तरेंही निराळीं निघालीं. डोलोमाइट पर्वतांत उभ्या भिंतींसाठीं दोरीच्या किंवा नमद्याच्या तळाचे हलके जोडे आले. जर्मनींत एल्ब नदीकांठच्या वालुकाश्माच्या सुळक्यांवर तर अनवाणी चढण्याची परंपरा रुजली, व ती पुढेंही दीर्घकाळ टिकली. ब्रिटनमध्यें रबरी तळाचे, कॅनव्हासचे स्वस्त खेळाचे जोडे लोकप्रिय झाले. कोरड्या खडकावर ते छान धरीत, आणि खडक ओला असला म्हणजे त्यांवरून लोकरी मोजे चढवीत.

यानंतरचें वर्ष १९३५. या एका वर्षांत घडलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे आमच्या विषयाचें मर्म हातीं येतें. इटलींतील मिलान शहराचा व्हिताले ब्रामानी आपल्या मंडळीसह आल्प्समधील पुन्ता रासिका या शिखरावर गेला होता. खडक चढण्यासाठीं मंडळींनीं खिळ्यांचे जड बूट मागें ठेविले व हलके जोडे चढविले. वर असतांना वादळ आलें, बर्फ पडूं लागलें, आणि ज्या जोड्यांनीं त्यांस वर नेलें त्यांनीं खालीं आणण्याचें नाकारलें. त्या थंडींत सहा सोबती दगावले. ब्रामानीच्या मनांतून तें दुःख गेलें नाहीं. खडक आणि बर्फ या दोहोंवर एकच जोडा चालला पाहिजे, या ध्यासानें त्यानें खोल खांचांचा रबरी तळ तयार केला. पिरेली या टायरवाल्या घराण्याचें साहाय्य त्यास मिळालें, आणि १९३७ सालीं तो तळ बाजारांत आला. त्याच्याच नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘व्हिब्राम’ म्हणतात. १९५४ सालीं इटालियन मंडळी के-टू शिखरावर प्रथम पोंचली, तेव्हां त्यांच्या पायांखालीं हाच तळ होता.

त्याच १९३५ सालीं पिएर आलँ या फ्रेंच गिर्यारोहकानें रेमाँ लेनिंजे याच्यासह पेती द्र्यू शिखराची उत्तर भिंत सर केली. परंतु आलँची शाळा आल्प्समध्यें नव्हती. पॅरिसच्या दक्षिणेस फोंतेनब्लोच्या अरण्यांत वालुकाश्माच्या प्रचंड धोंडी विखुरल्या आहेत, तेथें तो शिकला. तेथें ना बर्फ, ना लांबची वाट; धोंडी दोन-चार पुरुष उंच, पण अशा गुळगुळीत कीं पाऊल ठेवण्यास कंगोरा मिळूं नये. आलँनें त्या खडकासाठीं जो जोडा बनविला तो ब्रामानीच्या अगदीं उलट. तळाला एकही खांच नाहीं. सपाट, गुळगुळीत रबर, आणि पायास चपखल बसणारा कॅनव्हासचा वरचा भाग. युक्ति साधी आहे. तळ जितका सपाट, तितकें अधिक रबर खडकास टेंकतें. आणि दाब पडला म्हणजे तें खडकाच्या कणाकणांत शिरून त्यास धरून ठेवतें. मात्र तळास धूळ लागली कीं सारें फुकट. म्हणून फोंतेनब्लोचे आरोहक तळ पुसण्यास फडकें जवळ बाळगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर हा जोडा ‘पी. ए.’ या नांवानें सर्वत्र पसरला, आणि आजचे बहुतेक सर्व जोडे त्याचेच वंशज आहेत.

आतां या दोघांत शहाणा कोण? आमच्या मतें दोघेही. एकानें वादळांत परत येण्याचा प्रश्न सोडविला, दुसऱ्यानें गुळगुळीत धोंडीचा. ब्रामानीचा तळ त्या धोंडींवर घसरला असता, आणि आलँचा जोडा बर्फावर जीव घेता. जोडा चांगला कीं वाईट, हें खडकास विचारल्यावांचून ठरत नाहीं.

पुढील कथा थोडक्यांत सांगूं. १९८२ च्या सुमारास स्पेनमधील बोरेआल या कारखान्यानें अधिक चिकट रबराचा जोडा काढला, व लौकरच अमेरिकन आरोहक जॉन बाकर यानें तो योसेमिटीच्या ग्रॅनाइटवर गाजविला. त्याच काळांत पुढें झुकलेल्या चुनखडकाच्या कड्यांवर चढण्याची हौस वाढली. अशा ठिकाणीं शरीर खडकापासून बाहेर लोंबतें. पायानें नुसतें टेंकून भागत नाहीं, अंगठ्यानें आंकड्यासारखें ओढून धरावें लागतें. यासाठींच चोंचीसारखा वळलेला, सारें बळ अंगठ्यावर आणणारा घट्ट जोडा निर्माण झाला. तोही एका विशिष्ट खडकाचें उत्तर होय.

आमच्या स्नेह्यांची कन्या ज्या भिंतीवर शिकते ती उभी आहे, आणि तिची पायरी पहिली आहे. तिला सपाट तळाचा, किंचित् ताठ जोडा हवा. बोटें पुढें टेंकावीं, पण तीं दुमडूं नयेत. टांचेंत पोकळी राहूं नये. आणि पाय दुखूं नये. नवशिक्याचे पाय भिंतीवर घासतात, म्हणून तळाचें रबर थोडें जाड असलेलें बरें. दिवसभरांत पाय किंचित् फुगतो, यासाठीं जोडा सायंकाळीं घालून पाहावा. पुढें ती उतरत्या शिळांवर चढूं लागली तर मऊ तळ, बारीक कंगोऱ्यांवर चढूं लागली तर ताठ तळ, आणि कड्याच्या भेगांत पाऊल अडकवूं लागली तर बोटें सरळ ठेवणारा व घोटा झांकणारा जोडा घ्यावा. चोंचीचा जोडा सर्वांत शेवटीं, आणि तोही दोन चढायांमध्यें काढून ठेवण्यासाठीं. वर्षानुवर्षें आवळलेला अंगठा वांकडा होतो. वाढत्या वयाच्या पायाची तर अधिकच काळजी घेतली पाहिजे. मोठ्यांचें अनुकरण करावें, पण तें त्यांच्या अभ्यासाचें. त्यांच्या वेदनेचें नव्हे.

हें सारें आम्ही त्या मुलीस सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. परंतु पुढील आठवड्यांत तिच्या वडिलांनीं कळविलें कीं, दुकानदारानें जोडा बदलून दिला, आणि आतां ती घरीं लंगडत येत नाहीं.